एचआयव्हीचं जन्मवर्ष आणि काँगोतली आगगाडी

‘एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार झाला’ हा मजकूर अजूनही मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आणि शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. या अफवेचा उगम आपल्याच देशात छापलेला सापडतो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एका निनावी ‘अमेरिकी शास्त्रज्ञा’चं पत्र आलं होतं. ते सोव्हिएत गुप्तहेर खात्याने पेरलेलं होतं. पुढे १९९२ मध्ये रशियन गुप्तहेर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव यांनी ही मोहीम आपल्याच लोकांनी चालवल्याचं मान्य केलं. तरी अफवा जिवंत आहे. तिच्या जोडीला दुसरा एक समजही तितकाच पक्का आहे, की आफ्रिकेतल्या लोकांच्या विचित्र सवयींमुळे हा रोग आला. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि त्या खोट्या आहेत हे विषाणूच्याच अंगावर लिहिलेलं आहे. ते कसं वाचतात, हे मला गेल्या काही दशकांतल्या विज्ञानातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

आधी थोडी ओळख. एचआयव्ही-१ हा एकच विषाणू नाही. त्याचे एम, एन, ओ आणि पी असे चार गट आहेत आणि प्रत्येक गट माणसात स्वतंत्रपणे आला आहे. एम आणि एन चिंपांझींकडून आले, ओ आणि पी यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक गोरिलांमध्ये सापडतात. जगभरची साथ ही जवळजवळ सगळी एकट्या एम गटाची आहे. बीट्रिस हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात पडलेली चिंपांझींची विष्ठा गोळा करून तिच्यातला विषाणू तपासला. एम गटाशी सर्वांत जास्त जुळणारा विषाणू त्यांना आग्नेय कॅमेरूनच्या जंगलातल्या चिंपांझींमध्ये मिळाला. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. शिकार केलेल्या प्राण्याचं मांस कापताना हाताला जखम झाली, तिच्यात रक्त गेलं आणि विषाणू माणसात आला, हा सर्वमान्य खुलासा आहे.

पण त्या जंगलात माणसं हजारो वर्षं शिकार करत आली आहेत. असे संसर्ग पूर्वीही झाले असणार. एखादा शिकारी, त्याची बायको, फार तर आणखी दोघं-चौघं, आणि त्या लहानशा वस्तीत विषाणूला पुढचं माणूस मिळालं नाही की तो तिथेच संपला. मग एकदाच तो न संपता जगभर कसा गेला? त्यासाठी तो नेमका कधी आणि कुठे पसरू लागला हे कळायला हवं. इथे घड्याळ कामाला येतं.

एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनए या रेणूत असते, सुमारे ९,७०० अक्षरांची. ही अक्षरं चारच प्रकारची. विषाणू आपल्या पेशीत शिरला की त्याचं एक विकर या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतं. हे विकर कमालीचं हलगर्जी आहे, कारण चुका तपासण्याची सोयच त्याच्याकडे नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी विषाणू तयार होतात, त्यामुळे चुकांना तोटा नाही. यातल्या बहुतेक चुका विषाणूला मारक ठरतात, काही निरुपद्रवी असतात आणि टिकतात. टिकणाऱ्या बदलांचा वेग साधारण वर्षाला दर हजार अक्षरांमागे दोन ते तीन असा पडतो. माणसाच्या जनुकांपेक्षा हा वेग लाखो पटींनी जास्त आहे.

हाताने उतरवलेल्या पोथ्या आठवा. एका प्रतीत नकलनवीसाकडून एक शब्द बदलला की त्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत तो अपपाठ येतो. दोन प्रतींतले अपपाठ समान असतील तर त्यांची आई एक. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अशाच प्रती ताडून. विषाणूंचंही तसंच आहे. वेगवेगळ्या रुग्णांतल्या विषाणूंचे अपपाठ ताडले की त्यांची वंशावळ मांडता येते, आणि चुकांचा वेग माहीत असेल तर वंशावळीतल्या प्रत्येक फाट्याला वर्षही घालता येतं.

आता खरी गंमत. वेग मोजायचा कसा? त्यासाठी वेगवेगळ्या वर्षी घेतलेले नमुने लागतात. आलेख काढायचा: आडव्या अक्षावर नमुना घेतल्याचं वर्ष, उभ्या अक्षावर वंशावळीच्या मुळापासून तो नमुना किती अक्षरं दूर गेला ते अंतर. १९८५ चा नमुना मुळापासून थोडा दूर, १९९५ चा आणखी दूर. बिंदूंमधून रेषा काढली की तिचा चढ हाच बदलाचा वेग. तीच रेषा मागे लांबवत नेली की ती जिथे आडव्या अक्षाला छेदते, ते सगळ्यांच्या सामाईक पूर्वजाचं वर्ष. बेट कॉर्बर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या महासंगणकावर हे गणित केलं आणि २००० मध्ये उत्तर दिलं: १९३१ च्या आसपास.

रेषा खूप मागे लांबवली की चूकही वाढत जाते. म्हणून जुने नमुने सोन्याच्या मोलाचे. १९५९ मध्ये बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डविल, म्हणजे आजच्या किन्शासा शहरात, एका पुरुषाचं रक्त दुसऱ्याच संशोधनासाठी साठवलेलं होतं. त्यात एचआयव्ही निघाला. मग मायकेल वोरोबी यांच्या गटाने त्याच शहरातली १९६० सालची, मेणाच्या ठोकळ्यात जपलेली एका स्त्रीची लसीकाग्रंथी शोधून काढली आणि तुकडे तुकडे जोडून तिच्यातल्या विषाणूची अक्षरं वाचली. हे दोन नमुने एकाच शहरातले, जेमतेम वर्षभराच्या अंतराचे, पण तुलना केलेल्या भागात त्यांच्यात जवळपास १२ टक्के अक्षरांचा फरक होता.

थोडं गणित करू. दोघांत १२ टक्के फरक म्हणजे सामाईक पूर्वजापासून प्रत्येक जण साधारण ६ टक्के दूर गेला, हजारी ६० अक्षरं. वर्षाला अडीचने भागलं तर २४ वर्षं, म्हणजे १९३५ च्या आसपास. पण हा भागाकार कमीच उत्तर देतो. एकच अक्षर दोनदा बदललं तर आपल्याला एकच बदल दिसतो, आणि बदलून पुन्हा मूळ झालं तर काहीच दिसत नाही. शिवाय काही जागा भराभर बदलतात, काही मुळीच नाहीत. भराभर बदलणाऱ्या जागांवर बदलावर बदल चढतात आणि जुने झाकले जातात. त्यातच वंशावळीच्या प्रत्येक फांदीवर वेग थोडा वेगळा असू शकतो. हे सगळं धरून, शक्य असलेल्या लाखो वंशावळी तपासून, त्यांतल्या कोणत्या दिलेल्या नमुन्यांशी जास्त जुळतात ते संगणक संभाव्यतेच्या भाषेत सांगतो. २००८ मध्ये आलेलं उत्तर: १९०८, आणि चुकीची मर्यादा १८८४ ते १९२४. पुढे २०१४ मध्ये आणखी मोठ्या नमुनासंचावरून साथीचं मूळ किन्शासात, १९२० च्या आसपास निघालं. १९६६ च्या एका नमुन्यातला जवळजवळ संपूर्ण जनुकक्रम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचाच काळ दाखवला.

या तारखांपुढे अफवा टिकत नाहीत. १९२० मध्ये जनुकं जोडणं सोडाच, जनुक कशाचं बनलेलं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. काँगोत १९५० च्या दशकाअखेर दिलेल्या पोलिओच्या तोंडी लशीतून एड्स आला, हा दावाही याच घड्याळाने मोडला. आजही पोलिओचे थेंब नाकारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता १९२० च्या किन्शासात काय होतं ते पाहू. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर काँगो हा बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची खासगी मालमत्ता झाला. रबराचा ठरलेला कोटा भरला नाही तर ओलीस धरलेल्या बायका, चाबूक, तोडलेले हात. जगभर बोंब झाल्यावर १९०८ मध्ये बेल्जियम सरकारने तो ताब्यात घेतला. मातादी बंदरापासून लिओपोल्डविलपर्यंतची रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली होती. नदीच्या पलीकडे फ्रेंचांनी १९२१ ते १९३४ मध्ये ब्राझाव्हिलपासून समुद्रापर्यंत रेल्वे बांधली, तिच्यावर सक्तीने आणलेले हजारो मजूर मेले. माणसांना करासाठी रोख पैसा हवा होता, तो खाणीत, गोदीत, रेल्वेवरच मिळे. १९१० पूर्वी या भागात दहा हजार वस्तीचं एकही शहर नव्हतं. काँगो १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा लिओपोल्डविल चार लाखांच्या घरात गेलं होतं.

आणि ते सुरुवातीला पुरुषांचं शहर होतं. कंपन्यांना मजूर हवे होते, त्यांची कुटुंबं नकोत, त्यामुळे पुरुषांची संख्या स्त्रियांच्या कितीतरी पट होती. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांवर सरकार वेगळा कर लावत होतं. वेश्याव्यवसाय वाढला, गुप्तरोग वाढले, आणि गुप्तरोगाच्या जखमांमधून एचआयव्ही सहज शिरतो. कॅमेरूनच्या जंगलातून सांघा नदी काँगो नदीला मिळते, आणि हस्तिदंत-रबराच्या होड्या त्याच वाटेने या शहरात येत. इथे विषाणूला पुढचं माणूस मिळत राहिलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक रेल्वेने किन्शासातून ये-जा करत. वंशावळीत किन्शासानंतरचे फाटे फुटतात ते एम्बुजी-मायी आणि लुबुंबाशी इथे. एक हिऱ्यांचं गाव, दुसरं तांब्याचं, आणि दोन्ही रेल्वेच्या आधाराने किन्शासाशी जोडलेली.

शिवाय सुई होती. निद्रारोग, यॉज हा त्वचारोग, सिफिलिस यांच्याविरुद्ध वसाहती सरकारांनी लाखो इंजेक्शनं दिली, आणि काचेच्या मोजक्याच सिरिंजा नीट न उकळता पुन्हापुन्हा वापरल्या. कॅनेडियन डॉक्टर जाक पेपँ यांचं म्हणणं असं, की विषाणूला सुरुवातीचा धक्का इथून मिळाला. दक्षिण कॅमेरूनमधल्या एबोलोवा गावात त्यांच्या गटाने म्हाताऱ्यांचं रक्त तपासलं, तर निम्म्याहून जास्त जणांना मुख्यतः रक्तातून पसरणारा हेपटायटिस ‘सी’ होऊन गेलेला निघाला. त्याचं नातं हिवतापासाठी शिरेत घेतलेल्या इंजेक्शनांशी जुळलं. रेल्वे आणि सुई यांतला कुणाचा वाटा मोठा, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मला पेपँ यांचा पुरावा वजनदार वाटतो.

पुढची पावलंही वसाहतीच्याच वाटेने पडली. स्वातंत्र्याच्या वेळी काँगोत विद्यापीठाची पदवी असलेले स्थानिक लोक वीस-तीससुद्धा नव्हते, कारण बेल्जियमने शिकवलंच नव्हतं. शिक्षक, डॉक्टर, कारकून यांची जागा भरायला फ्रेंच बोलणारे हैतीचे लोक आले, आणि त्यांच्यापैकी कुणाबरोबर तरी एम गटाचा ‘बी’ हा उपप्रकार १९६० च्या दशकात हैतीत आणि तिथून अमेरिकेत पोचला. भारतात बहुतांशी आढळतो तो उपप्रकार ‘सी’, ज्याचा माग दक्षिण काँगोतल्या खाणींच्या पट्ट्याकडे आणि पुढे दक्षिण आफ्रिकेकडे जातो. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या भारतीय ‘सी’चे संपूर्ण जनुकक्रम १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे ही वंशावळ आपल्या रुग्णांपर्यंत जोडता आली.

वसाहतीच्या या इंजेक्शनांचा एक परिणाम मात्र विषाणूत दिसत नाही. निद्रारोगाविरुद्धची फ्रेंच वैद्यकीय पथकं गावंच्या गावं बोलावून, प्रसंगी बंदुकीच्या धाकाने, लोकांना टोचत. कॅमेरूनमधल्या बाफिया इथे औषधाच्या जादा मात्रेने शेकडो लोकांची दृष्टी गेली. १९५४ मध्ये योकादुमा भागात प्रतिबंधक इंजेक्शनांनंतर माणसांचं मांस सडलं, काही जण मेले. सारा लोव्ह्स आणि एदुआर्दो माँतेरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९२१ ते १९५६ मधल्या या पथकांच्या लष्करी नोंदी काढल्या आणि आजच्या आरोग्य पाहणीशी ताडल्या. जिथे पथकं जास्त वेळा गेली होती तिथले लोक आज, फुकट असूनही, रक्तक्षयाची किंवा एचआयव्हीची रक्ततपासणी जास्त प्रमाणात नाकारतात. त्याच भागात जागतिक बँकेचे आरोग्याचे प्रकल्प कमी यशस्वी ठरले आहेत. इतर क्षेत्रांतल्या प्रकल्पांत असा फरक आढळला नाही.