वीज गेली म्हणून वाचलेली प्रत

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रेन धड होत्या, माणसं कामावर होती, पण कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठे जायचाय हे ज्यांना ठाऊक, ते संगणकच मुके झाले होते. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं, आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरातले संगणक काही तासांत एकामागून एक काळे पडले. कारण निघालं युक्रेनमध्ये. तिथे कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जाई. हल्लेखोर त्याच्या अपडेट सर्व्हरमध्येच शिरले आणि अपडेटच्या पोटातून त्यांनी विषाणू पाठवला. पुढे त्याला नाव पडलं नॉटपेट्या.

हा विषाणू एका संगणकावरून दुसऱ्यावर कसा गेला, ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याच्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं इटर्नलब्लू. विंडोज संगणक आपापसांत फाइली वाटून घेतात, त्या यंत्रणेतल्या एका जुन्या चुकीचा हे फायदा घेई. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ते बनवलं आणि तिथून ते फुटलं. मायक्रोसॉफ्टने ही चूक दुरुस्त करणारं अपडेट १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा विषाणू याच भोकातून दीडशेहून अधिक देशांत घुसला, तेव्हा अपडेट येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. आपल्याकडच्या कितीतरी डीटीपीच्या दुकानांत अजूनही अपडेट मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, कारण ‘अपडेट मारलं की फॉन्ट बिघडतात’. ही तक्रार अगदीच खोटी नाही, म्हणूनच ती मोडून काढणं अवघड जातं.

दुसरं हत्यार मिमिकॅट्झ. तुम्ही लॉगिन करता तेव्हा पासवर्डच्या खुणा संगणकाच्या चालू मेमरीत काही काळ राहतात. मिमिकॅट्झ त्या उचलतो. म्हणजे कार्यालयातला एक जुना, अपडेट न केलेला संगणक सापडला, आणि त्यावर नुकतंच अ‍ॅडमिनने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, लॉगिन केलेलं असलं, की त्याच्याच किल्ल्या घेऊन विषाणू शेजारच्या अद्ययावत संगणकातही रुबाबात शिरणार. म्हणून घरच्या संगणकावरसुद्धा रोजच्या कामाला अ‍ॅडमिनचं खातं वापरू नये. साधं वेगळं खातं काढायला पाच मिनिटं लागतात.

मर्स्कच्या जाळ्यात कोण कुठे लॉगिन करू शकतो याची नोंदवही सांभाळणारे सुमारे दीडशे मुख्य सर्व्हर होते. ते सतत एकमेकांशी ताळमेळ ठेवत. एक पडला तर दुसऱ्यावरून नोंदी परत मिळतील, असा हिशेब होता. सगळे एकाच दिवशी पुसले जातील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शोधाशोध झाली तेव्हा एकच सर्व्हर जिवंत सापडला, घानातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून गंमत वाटेल. त्यातली माहिती शेकडो गिगाबाइट होती आणि तिथलं इंटरनेट इतकं मंद, की ती पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. शेवटी घानातला एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला पोहोचला. मग दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले गेले. कंपनीचं नुकसान तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की जवळपास दीडशे जोडलेल्या प्रती कामाला आल्या नाहीत, आणि न जोडलेली एक आली. आपण घरी नेमकी हीच गफलत करतो. फोटो गुगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर ‘सिंक’ होत असले की आपल्याला वाटतं बॅकअप झाला. सिंक म्हणजे आरसा. इकडची फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते, तीही इमानेइतबारे. बऱ्याच सेवा फाइलची जुनी रूपं काही दिवस राखून ठेवतात म्हणून कधीकधी सुटका होते, पण ती मुदत संपायच्या आत तुमच्या लक्षात यायला हवं. सीपीयूच्या मागे कायमची खोचून ठेवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्कही त्यातलीच. विषाणूच्या लेखी तो आणखी एक ड्राइव्ह.

असे बरेच विषाणू फाइलींना कुलूप लावतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. कुलूप लागल्यावर फाइल परत का मिळत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती देण्याच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या. संगणक नव्वदएक वेळा सुरू झाला की फाइलींची नावं गूढ होत आणि पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा असा मजकूर येई. पण त्या कुलपाची किल्ली त्या प्रोग्रॅममध्येच होती. जाणकारांनी ती काढली आणि प्रकरण निवळलं.

अ‍ॅडम यंग आणि मोती युंग यांनी १९९६ साली दाखवून दिलं की हे असंच राहणार नाही. नुसतं दाबलं की लागणारं कुलूप आठवा. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. हल्लेखोर तुमच्या संगणकात अशी उघडी कुलपं पाठवतो आणि किल्ली स्वतःकडे ठेवतो. विषाणू प्रत्येक फाइल एका झटपट चालणाऱ्या किल्लीने बंद करतो आणि मग ती किल्लीच या कुलपाच्या पेटीत टाकतो. वॉनाक्रायमध्ये ही पेटी फोडायची तर ६१७ अंकी संख्येचे अवयव पाडायला हवेत. शाळेत आपण ९१ चे पाडले होते, तेही जरा विचार करून. नॉटपेट्या तर त्याहून दुष्ट. पडद्यावर खंडणी मागत होता, पण दाखवलेला क्रमांक निव्वळ अर्थहीन होता. पैसे भरूनही किल्ली मिळणं शक्यच नव्हतं.

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. घरगुती संगणकांवर सर्वात जास्त उपद्रव केला तो स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या विषाणूंच्या कुळाने, आणि त्याचा रस्ता आपल्या चांगला ओळखीचा: क्रॅक. फुकटातलं ऑफिस, फुकटातलं फोटोशॉप. त्या क्रॅकसोबत येणारी पहिलीच सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’, आणि आपण तो करतो. पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याचं खोटं चित्र येतं, आपण चहा ठेवायला उठतो, तेवढ्यात काम उरकतं. वेळ वाचवण्यासाठी हा विषाणू प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा जेमतेम दीडशे किलोबाइटचाच भाग कुलूपबंद करतो. वर्डच्या फाइलचा खेळ तेवढ्यात खलास होतो. लांबलचक व्हिडिओतला पुढचा भाग मात्र कधीकधी दुरुस्त करून मिळतो. मागणी बहुतेकदा ९८० डॉलरची असे, ७२ तासांत भरल्यास निम्मी. सेलच लावलाय जणू.

असं झालंच तर आधी नेटची वायर किंवा वायफाय तोडा. बाजारात नेऊन घाईने फॉरमॅट मारू नका, कारण बंद फाइली जपून ठेवल्या तर पुढेमागे उघडू शकतात. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि डच पोलीस यांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही जातींच्या विषाणूंची कुलपं उघडणारी साधनं तिथे फुकट मिळतात. सगळ्यांची मात्र मिळत नाहीत.

बॅकअपसाठी जाणकार ३-२-१ असा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. मी त्यातला एकच आकडा कसोशीने पाळतो. एक हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. दोन वर्षं हे चुकवलं नाही याचा मला अभिमानही होता. गेल्या दिवाळीत एक जुना फोटो हवा होता म्हणून ती डिस्क पहिल्यांदाच उघडून पाहिली. शेवटच्या सात महिन्यांचं त्यात काहीच नव्हतं. डिस्क भरल्याचा संदेश दर वेळी येत असणार, आणि मी तो न वाचता बंद करत असणार. आता कॉपी झाली की कुठलीही एक फाइल त्या डिस्कवरून उघडून बघतो, मगच वायर काढतो.