चुन्याची दमछाक

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हे शाळेच्या प्रयोगवहीत आपण सगळ्यांनीच लिहिलंय. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुना धरतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. हीच अभिक्रिया, पाण्याविना आणि लालभडक तापमानाला, औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडायला वापरायची कल्पना जपानमधल्या शिमिझू आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडली. स्पेनमधल्या ओविएदोचे कार्लोस आबानादेस आणि त्यांचा गट पुढे वर्षानुवर्षं तिच्या मागे लागला.

रचना अशी. दोन उंच पात्रं शेजारीशेजारी. दोन्हींत चुन्याचे बारीक दाणे खालून येणाऱ्या वायूच्या झोतावर उसळत असतात. पहिल्यात, कार्बोनेटरमध्ये, बॉयलरचा धूर येतो. तिथे ६५० अंश सेल्सिअसला चुना कार्बन डायऑक्साइड धरतो. भरलेले दाणे दुसऱ्या पात्रात, कॅल्सायनरमध्ये, जातात. तिथे ९०० अंशांच्या आसपास तो वायू सुटतो आणि रिकामा चुना पहिल्यात परततो.

६५० अंशच का? त्या तापमानाला चुना कितीही ताजा असला तरी धुरात सुमारे १ टक्का कार्बन डायऑक्साइड उरतोच. कोळशाच्या धुरात तो १४ टक्के असेल, तर नव्वदेक टक्के हाती लागतो. पात्र ७०० अंशांवर गेलं की उरणारा वायू साडेतीन टक्के, ७५० ला नऊ. शंभर अंशांच्या चुकीत निम्म्याहून जास्त माल निसटला! पात्र फार थंड ठेवलं तर अभिक्रियाच मंदावते.

कॅल्सायनर तापवायला त्यात कोळसा जाळतात, पण तो हवेवर जाळून चालत नाही. हवेतला नायट्रोजन मिसळला, तर मुश्किलीने वेगळा केलेला वायू पुन्हा पातळ होतो. म्हणून शुद्ध ऑक्सिजन लागतो, आणि तो बनवायला वीज.

एक टन कार्बन डायऑक्साइड चुनखडीतून सोडवायला सुमारे ४ गिगाज्यूल उष्णता लागते. धुरातला हा वायू शोषून घेणाऱ्या प्रचलित अमाइन रसायनाच्या द्रावणालाही साधारण तेवढीच लागते. फरक परतफेडीत आहे. अमाइन वायू शोषताना उष्णता परत देतं ती कोमट. तिचा उपयोग काहीच नाही. चुना ती ६५० अंशांना परत करतो, आणि तिच्यावर वाफ करून टर्बाइन फिरवता येतं. या पद्धतीचं खरं बळ इथे आहे.

आणि दुखणं दाण्यात आहे. १०० किलो चुना कागदावर ७८ किलो वायू धरू शकतो. ग्रासा आणि आबानादेस यांनी २००६ साली ५०० फेऱ्यांपर्यंतच्या मोजमापांवरून दिलेल्या सूत्राने पहिल्या फेरीत ५५ किलो भरतात, दहाव्या फेरीत १८, पन्नासाव्या फेरीत जेमतेम ९. तापलेल्या दाण्यातली सूक्ष्म छिद्रं एकमेकांत वितळल्यासारखी मिसळतात आणि आतला पृष्ठभाग घटतो. त्यात चुनखडीला चुन्याच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे उरलेल्या छिद्रांची तोंडं बुजतात. दिलासा एवढाच, की क्षमता कागदावरच्या आकड्याच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास थांबते, शून्यावर जात नाही.

थकलेला चुना जास्त वेगाने फिरवला तर? वायू धरला जातो, पण प्रत्येक किलो ६५० वरून ९०० वर तापवावा लागतो. दाणे कागदावरच्या क्षमतेच्या १० टक्केच भरत असतील, तर ढोबळ हिशेबाने टनामागे आणखी ३ गिगाज्यूल नुसते दाणे तापवण्यात जातात. पाण्याची वाफ दिली की दाणा तडकतो आणि नवा पृष्ठभाग उघडतो. मग तो ठिसूळही होतो आणि पात्रात भुगा होऊन धुराबरोबर उडतो. चुन्याऐवजी वायू धरणाऱ्या कृत्रिम, महाग शोषकांवर बरंच संशोधन झालं, पण साध्या चुनखडीच्या किमतीशी त्यांची गाठ आहे.

स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातल्या ला पेरेदा वीजकेंद्राजवळ १.७ मेगावॉट औष्णिक क्षमतेचा प्रायोगिक संच उभारला गेला. खऱ्या कोळशाच्या धुरातला नव्वद टक्क्यांपर्यंत वायू त्याने धरून दाखवला. अशा संचात कोळशातला गंधक चुन्याला चिकटून सल्फेट होतो. तो कॅल्सायनरमध्येही सुटत नाही, शिवाय राखही साठते. म्हणून थोडा चुना सतत काढून तेवढी ताजी चुनखडी घालावी लागते. काढलेला चुना सिमेंटच्या भट्टीला चालतो, आणि तिथे चुनखडी भाजताना निघाला असता तो वायू वाचतो. सल्फेट मर्यादेत असेल तर.