गिझरचे दोन हजार वॅट आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं व्होल्टेज

गिझरच्या अंगावरची पट्टी वाचून बघा. ठळक अक्षरांत ‘२००० वॅट’ आणि बाजूला, बारीक अक्षरांत, ‘२३० व्होल्ट’. पहिला आकडा दुकानदार सांगतो, दुसरा कोणी वाचत नाही. पण पहिला खरा ठरतो तो दुसऱ्याच्या भरवशावर. जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी कडाडली की शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या गल्ल्यांत सकाळी सातला घरोघरी एकदमच गिझर लागतात, आणि नेमका तेव्हा हा दुसरा आकडा घसरतो.

किती फरक पडतो ते काढायला शाळेतली दोन सूत्रं पुरतात. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे तार करंटला किती अडवते ते मिळतं, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटने गुणलं की शक्ती, वॅटमध्ये. २००० ला २३० ने भागा: करंट ८.७ अँपिअर. (म्हणून गिझरला ६ अँपिअरचा छोटा सॉकेट चालत नाही, १६ चा लागतो.) आता २३० ला ८.७ ने भागा: रोध सुमारे साडेसव्वीस ओहम.

गिझरची खरी ओळख हे साडेसव्वीस ओहम. आतल्या निक्रोम या मिश्रधातूच्या तारेची लांबी आणि जाडी कारखान्यात ठरली, तेव्हाच हा आकडा ठरला. निक्रोम तापला तरी त्याचा रोध फारसा हलत नाही. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नव्हतं. १०० वॅटच्या बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर ५२९ ओहम व्हायची, पण थंड असताना जेमतेम चाळीसच्या आसपास. बटण दाबताक्षणी करंटचा लोंढा यायचा, आणि बल्ब बहुधा त्याच क्षणी उडायचे.

समजा, सकाळी घरात १८० व्होल्ट येताहेत. रोध तोच, म्हणून करंटही उतरून ६.८ अँपिअर. गुणाकार करा: १,२२५ वॅट. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी पडलं, पण शक्ती एकोणचाळीस टक्क्यांनी, कारण गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकदम घटल्या. पंधरा लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १९ लाख ज्यूल उष्णता लागते. पुऱ्या व्होल्टेजवर हे काम सोळा मिनिटांत होतं, १८० वर साडेपंचवीस मिनिटं लागतात. बाथरूमबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या माणसाला ही दहा मिनिटं फार मोठी असतात.

मग आजी म्हणते, ‘‘इतका वेळ चालला, आता बिल बघा!’’ आजीची काळजी रास्त, पण हिशेब तसा नाही. मीटर वेळ मोजत नाही, ऊर्जा मोजतो. पाणी तेवढंच, तापवायचं तेवढंच, म्हणून दोन्ही वेळा खर्च अर्ध्या युनिटच्या जरा वर. टाकीच्या भिंतींतून निसटते तेवढी थोडी उष्णता जास्तीची.

ज्याच्या नावाने रोध मोजतो, त्या खुद्द ओहमलाही खाली-वर होणाऱ्या व्होल्टेजने छळलं होतं. जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमने सुरुवातीला रासायनिक बॅटरी वापरली. तिचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. मग त्याने बिस्मथ आणि तांबं हे दोन धातू जोडून, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. अशा जोडीत व्होल्टेज तयार होतं ते सांध्यांच्या तापमानातल्या फरकाने; फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम, आणि नियम हाती आला: रोध तोच असेल तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात. १८२७ साली त्याचं पुस्तक छापून आलं. पुढे १८४० च्या सुमारास इंग्लंडात जेम्स ज्यूलने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून पाणी किती तापतं ते मोजलं, म्हणजे जवळजवळ गिझरच केला, आणि दाखवलं की उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

फ्रिज आणि पाण्याची मोटर मात्र गिझरसारखी समजूतदार नसते. व्होल्टेज पडलं तरी पाणी गच्चीवर चढवायचंच असतं, म्हणून मोटर जास्त करंट ओढते. करंट वीस टक्क्यांनी वाढला की वेटोळ्यातली उष्णता चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. स्टॅबिलायझरची खरी गरज मोटरला असते.

व्होल्टेज पडतं तेही याच नियमाने. ट्रान्सफॉर्मरपासून गल्लीपर्यंतच्या तारांनाही रोध असतो. तो ०.२ ओहम धरा आणि त्यातून १५० अँपिअर जाऊ द्या: ३० व्होल्ट वाटेतच गेले.

आपल्या घरापर्यंतच्या तारांचा रोध घरबसल्या काढता येतो. स्टॅबिलायझरच्या खिडकीतले लाल आकडे बघत कोणाला तरी गिझर लावायला सांगा. १८६ होते ते १८० झाले, तर सहा व्होल्ट पडले. इलेक्ट्रिशियनच्या टंग टेस्टरने, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारख्या धरायच्या मीटरने, करंट ६.८ दाखवला, तर रोध ०.८८ ओहम. आणि सहा गुणिले ६.८ म्हणजे जवळपास ४१ वॅट उष्णता गिझरबाहेरच सांडते आहे.

ही उष्णता सगळ्या वायरीभर पसरली असेल तर हाताला कळतही नाही. पण सॉकेटमागचा एखादा स्क्रू ढिला असेल आणि त्या एका जागी ०.३ ओहम अडून बसले असतील, तर चौदा वॅट त्या टिकलीएवढ्या जागेत धुमसतात. त्याच सॉकेटवर ९ वॅटचा एलईडी बल्ब वर्षभर चालवा, काही होत नाही, कारण त्याचा करंट इतका कमी की तिथली उष्णता वॅटच्या हजाराव्या भागाच्याही आत राहते. गिझर वीस मिनिटं चालल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळचं प्लॅस्टिक बघा. कडेला तपकिरी डाग दिसला किंवा प्लग हातात धरवत नसेल, तर मेन स्विच पाडून सॉकेट बदलून घ्या, आणि वायरीचं काळं पडलेलं टोक कापून टाकायला सांगा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही, कारण जळक्या तांब्यावरच्या थराचा रोध तसाच राहतो.