घरी कोणती भाषा बोलता? अमेरिकी जनगणना खात्याच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या गावाची सरकारी आकडेवारी उघडली, की घरी बोलली जाणारी भाषा आणि इंग्रजी किती येतं हे दोन रकाने जोडीने दिसतात. ही जोडी जमली ती भाषांच्या कौतुकापोटी नव्हे, कोर्टकज्जे आणि कायद्यांमुळे.

इंग्रजी येतं का, हे १८९०च्या जनगणनेतही विचारलं होतं. १९१०मध्ये मातृभाषेची भर पडली. रशियन किंवा ऑस्ट्रियन साम्राज्यातून आलेला माणूस पोलिश की ज्यू, हे नुसत्या जन्मदेशावरून कळेना, म्हणून. म्हणजे तेव्हा शोध वंशाचा होता, भाषा ही त्याची खूण.

पुढे १९७४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी विद्यार्थ्यांचा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजी वर्गात नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नव्हे, असा निकाल लागला. १९७५मध्ये मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन काही भागांत मतपत्रिका इतर भाषांतही देणं बंधनकारक झालं. पण कुठल्या भागात? ते ठरवायला आकडे हवेत. म्हणून १९८०पासून तीन प्रश्न आले: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी किती चांगलं येतं. शेवटच्याला उत्तरं चार: ‘खूप चांगलं’, ‘चांगलं’, ‘फारसं नाही’, ‘अजिबात नाही’. सरकारदरबारी ‘खूप चांगलं’च्या खालचे सगळे इंग्रजीत कच्चे. परीक्षा कसलीच नाही. शिवाय बहुतेकदा घरातला एकच जण सगळ्यांच्या वतीने फॉर्म भरतो. आजोबांनी मुंबईत जन्मभर इंग्रजीत फायली लिहिल्या असतील, पण मुलाने ‘चांगलं’वर खूण केली की ते कच्च्यांत.

न्यूयॉर्कमधल्या क्वीन्समध्ये ‘एशियन इंडियन’ म्हणजे भारतीय वंशाच्या गटाला मतदान हक्क कायद्याचा लाभ मिळाला आणि २०१३मध्ये तिथे बंगाली मतपत्रिका आल्या. मराठीच्या वाट्याला तसं काही आलं नाही. बरीच वर्षं ती ‘इतर भारतीय भाषां’च्या ढिगात होती, २०१६पासून ‘नेपाळी, मराठी किंवा इतर’ असं निदान नाव तरी लागलं. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेले आपले डॉक्टर-इंजिनिअर इंग्रजीतच शिकलेले, त्यामुळे अडचण होते ती त्यांच्याकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची. आणि तीच आकड्यांत हरवते. घरात चौदा वर्षांचं किंवा त्याहून मोठं एक जरी माणूस इंग्रजी ‘खूप चांगलं’ बोलत असलं, तरी ते घर इंग्रजीपासून तुटलेल्यांत धरत नाहीत. मुलगा दिवसभर ऑफिसात असतो, हे फॉर्मला कुठून कळणार?

मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवलं आणि सरकारी सेवा इतर भाषिकांपर्यंत पोहोचवण्याचा क्लिंटन यांचा २०००चा आदेश मागे घेतला. मतपत्रिकांचा नियम मात्र संसदेच्या कायद्यातला असल्याने ट्रम्प यांच्या आदेशाने तो रद्द होत नाही.