पडलेल्या घरांइतकंच उभ्या घरांकडेही बघा: पडझडीवरून भूकंपाचा जोर कसा काढतात

भूकंप झाला की बातमीत पहिला येतो रिश्टरचा आकडा, म्हणजे मॅग्निट्यूड, 6.2 किंवा 7.8 वगैरे, आणि मग सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. पण तो आकडा भूकंप मुळात केवढा मोठा होता हे सांगतो, अख्ख्या भूकंपाला एकच. एखाद्या गावाखालची जमीन किती जोरात हलली हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी मोजणी आहे, इंटेन्सिटी, जी गावागणिक बदलते, कधीकधी तर गल्लीगणिक. जमिनीचा हादरा मोजणारी यंत्रं असतात, पण ती सगळीकडे नसतात आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या भूकंपांसाठी तर नव्हतीच. मग पुरावा म्हणून हातात राहते ती पडझड.

डिसेंबर 1857 मध्ये दक्षिण इटलीत मोठा भूकंप झाला, त्यानंतर रॉबर्ट मॅलेट हा आयरिश इंजिनिअर तिथे गावोगाव फिरला, भिंतींचे तडे कुठल्या दिशेने गेलेत, वस्तू कुठल्या बाजूला कलंडल्यात, सगळं मोजत गेला आणि त्यावरून भूकंपाचं केंद्र कुठे असावं याचा अंदाज बांधला. नंतर जपानमध्ये कबरींवरचे उभे दगड कामाला आले. ही पद्धत मला फार आवडते कारण गणित एका ओळीचं आहे. दगडाची रुंदी भागिले उंची, त्याला गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने गुणायचं, की तो दगड हलायला लागायला जमिनीला किती आडवं त्वरण हवं ते मिळतं. म्हणजे 30 सेंमी रुंद आणि 90 सेंमी उंच दगड पडलेला दिसला तर तिथे निदान गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांश एवढा हिसका बसलाच. "निदान" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण खरा हादरा सेकंदाच्या काही भागात दिशा बदलतो, दगड एका बाजूने उचलला जातो आणि पडायच्या आत परत बसतो. एकाच प्रमाणाच्या दोन दगडांत मोठा दगड जास्त टिकतो हे हाउसनर या अमेरिकन इंजिनिअरने 1963 मध्ये गणिताने दाखवलं. त्यामुळे दगड पडला असेल तर खालची मर्यादा मिळते, पण उभा असेल तर हिसका कमीच होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

घरांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, कारण घर पडलं यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: जमीन किती हलली आणि घर किती कमकुवत होतं. या दोन्ही वेगळ्या करणं हेच खरं काम आहे. युरोपची 1998 ची मोजपट्टी, ईएमएस-98, हे नीट करते. आधी घरांचे ए ते एफ असे वर्ग पाडायचे, ओबडधोबड दगडांची किंवा मातीच्या विटांची घरं ए मध्ये, भूकंपाचा विचार करून बांधलेली आरसीसी घरं त्याच्या बरीच पुढे. मग नुकसानीच्या पाच पायऱ्या, पहिलीत गिलाव्याला केसाएवढ्या भेगा, तिसरीत बहुतेक भिंतींना मोठे लांब तडे, पाचवीत घर जमीनदोस्त. आणि मग बघायचं की कुठल्या वर्गातली किती घरं कुठल्या पायरीवर गेली. ए वर्गातल्या बऱ्याच घरांचं नुकसान चौथ्या पायरीपर्यंत गेलंय, थोडी पाचवीवर, आणि सी वर्गातली बरीच दुसऱ्या पायरीवर थांबलीत, तर इंटेन्सिटी 8.

आता यातली "बरीच" आणि "थोडी" ही टक्केवारी आहे, आणि टक्केवारीला छेद लागतो, म्हणजे एकूण घरं किती हा आकडा. म्हणून पडलेल्या घरांचेच फोटो काढून परत येणारा सर्व्हे मला अर्धाच वाटतो. शेजारचं जे घर गिलाव्याच्या भेगेवर निभावलं ते मोजलं नाही तर आकडा वरच सरकणार. दुसरी अडचण मोजपट्टीच्या टोकाला येते: जिथे सगळीच घरं ए वर्गातली आणि सगळीच कोसळलेली, तिथे हादरा याहून दुप्पट असता तरी चित्र तेच दिसलं असतं.

यंत्रं आणि पडझड दोन्ही उपलब्ध असतात तिथे त्यांची सांगड घालता येते. कॅलिफोर्नियातल्या भूकंपांवरून 1999 मध्ये काढलेल्या एका सूत्रानुसार मधल्या पट्ट्यात इंटेन्सिटी एकाने वाढते तेव्हा जमिनीचं कमाल त्वरण साधारण 1.9 पट होतं. 6 ला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 13 टक्के, 7 ला 24 च्या आसपास. पण यात विखुरणी मोठी आहे, एकेक पायरी इकडेतिकडे सहज होते. जोरदार हादऱ्यांत तर त्वरणापेक्षा जमिनीचा वेग नुकसानीशी जास्त चांगला जुळतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे शेकमॅप, म्हणजे कुठे किती हादरा बसला याचे नकाशे, असेच बनतात, यंत्रांच्या नोंदी, लोकांनी ऑनलाइन भरलेली माहिती आणि जिथे काहीच नाही तिथे अंतर आणि मातीवरून काढलेला अंदाज, सगळं एकत्र करून.

माती हा शब्द आलाच आहे तर 1985 चं मेक्सिको सिटी बघायला हवं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, तरी शहराच्या एका भागात हाहाकार, कारण तो भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर उभा आहे आणि तो गाळ दोन-दोन सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी हलत राहिला. साधारण 6 ते 15 मजली इमारतींचा स्वतःचा ताल त्याच्याशी जुळला आणि त्या सगळ्यात जास्त पडल्या, त्याच भागातली कितीतरी बैठी जुनी घरं मात्र टिकली. अशा ठिकाणी इंटेन्सिटीचा एकच आकडा लिहिला की एकेक हेलकावा किती सेकंदांचा होता ही माहिती हरवते, आणि माझ्या मते या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा हीच आहे.

याच मातीने जुन्या भूकंपांचे आकडेही फुगवलेत. 1811-12 मध्ये अमेरिकेत न्यू मॅड्रिडजवळ मोठे भूकंप झाले, यंत्र एकही नव्हतं, होती ती फक्त पत्रं आणि वर्तमानपत्रं. त्यांतल्या वर्णनांवरून आधी मॅग्निट्यूड 8 च्या घरात धरलं गेलं होतं. 2000 मध्ये भूकंपशास्त्रज्ञ सुझन हफ आणि सहकाऱ्यांनी तीच वर्णनं पुन्हा तपासली तेव्हा लक्षात आलं की त्या काळची वस्ती बरीचशी नद्यांकाठी, म्हणजे मऊ गाळावर होती, त्यामुळे जिथून पत्रं आली तिथे हादरा आसपासच्या टणक जमिनीपेक्षा जास्तच जाणवला होता. ते वजा केल्यावर अंदाज 7 ते 7.5 च्या आसपास आला, आणि त्या भागात नवीन इमारती किती भक्कम बांधायच्या या वादात हा फरक अजूनही येतो.