कर्जावरची मोटरसायकल चोरीला गेली तर: पोलीस ठाणे, विमा आणि फायनान्स कंपनीकडे काय करायचं

गाडी चोरीला गेली म्हणून कर्ज माफ होत नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढची बहुतेक नुकसानी याच गैरसमजातून होते. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला असतो, पण कर्जाचा करार तुमच्या नावावर असतो आणि तो गाडीबरोबर चोरीला जात नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तीन ठिकाणी लेखी कळवायचं असतं: पोलीस, विमा कंपनी आणि कर्ज देणारी संस्था. एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याकडे जाऊ म्हणालात तर महिने वाया जातात.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. गाडी रस्त्याच्या कडेला लावली होती का? मग वाहतूक शाखेच्या टोइंगवाल्यांनी उचलली असेल. एखाद-दुसरा हप्ता थकला होता का? मग फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यांनी ओढून नेली असेल. पोलीस ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदार पहिला प्रश्न हाच विचारतो, "हप्ते थकलेत का?" तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून गाडी त्यांनी उचललेली नाही याची खात्री करा आणि तक्रार क्रमांक टिपून घ्या. मात्र या शोधाशोधीत रात्र घालवू नका. ११२ वर फोन केला की घटनेची वेळ नोंदली जाते आणि पुढे विमा कंपनीने उशिराचा मुद्दा काढला तर ती नोंद उपयोगी पडते.

एफआयआर: त्यातला शब्दन् शब्द पुढे वाचला जातो

१ जुलै २०२४ पासून वाहनचोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली नोंदवला जातो. भारतीय दंड संहितेचं पूर्वीचं कलम ३७९ आता जुन्या कागदांवरच दिसेल. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे. "आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. टाळाटाळ झालीच तर त्याच कलमाच्या पोटकलम ४ नुसार पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांकडे, लेखी अर्ज टपालाने पाठवा. तिथेही दखल घेतली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "सध्या गहाळ झाल्याची नोंद करून ठेवा, सापडली तर बघू." हरवल्याची नोंद म्हणजे एफआयआर नाही. तिच्यावर विम्याचा दावा चालत नाही.

फिर्याद लिहून घेतली जात असताना शेजारी बसा आणि सही करण्यापूर्वी वाचा. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग आणि मॉडेल आरसीशी ताडून पाहा. चेसिस नंबरातला एक आकडा चुकला तरी दुरुस्तीसाठी पुरवणी जबाब द्यायला पुन्हा जावं लागतं. गाडी कुठे, किती वाजता लावली, हँडल लॉक होतं का, चाव्या कुठे आहेत आणि चोरी केव्हा लक्षात आली हे स्पष्ट यायला हवं. गाडी मित्राने किंवा भावाने नेली असेल तर तेही लपवू नका. विमा कंपनीचा तपासनीस पुढे घरी येतो, गाडी लावली होती ती जागा बघतो, आसपासच्या दुकानदारांशी बोलतो. त्याला दिलेला जबाब आणि एफआयआर यांत फरक दिसला की दावा तिथेच अडकतो.

एफआयआरमध्ये गाडीची किंमत "जु. वा. किं. अं." असं लिहून पुढे एखादा कमी आकडा टाकलेला असतो, म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. त्यावरून ठाण्यात वाद घालू नका. विम्याची रक्कम त्या आकड्यावर ठरत नाही.

दावा कोणाला मिळतो

पॉलिसीचा कागद काढा आणि मुदतीचा रकाना बघा. १ सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. त्यामुळे कागदावर पाच वर्षांची तारीख दिसते आणि लोक निर्धास्त राहतात. पण चोरीची भरपाई थर्ड पार्टीतून मिळत नाही, ती 'ओन डॅमेज' म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून मिळते. अनेक पॉलिसींत हा भाग फक्त पहिल्या वर्षाचा असतो. दोन्ही मुदती शेजारीशेजारी छापलेल्या असतात आणि वाचली जाते ती मोठी. तीन वर्षांचं कर्ज, पाच वर्षांचा विमा, आणि ओन डॅमेज संपून वर्ष उलटलेलं, अशी अवस्था असेल तर विम्यातून काहीही मिळणार नाही आणि सगळे हप्ते खिशातून जातील. ज्यांची गाडी अजून दारात उभी आहे त्यांनी हा रकाना आजच बघावा. फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी मिळते.

आरसी आणि पॉलिसी एकाच नावावर असायला हवी. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नोंदणीची मुदत संपलेली असणंही महागात पडतं. तात्पुरत्या नोंदणीची मुदत उलटून गेलेल्या गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुशीलकुमार गोदारा प्रकरणात नाकारला आहे.

रक्कम ठरते ती पॉलिसीवरच्या आयडीव्हीनुसार, म्हणजे गाडीच्या घोषित मूल्यानुसार. हे मूल्य दरवर्षी घटतं: गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के घसारा, दोन ते तीन वर्षांची असेल तर ३० टक्के. 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जादा कवच घेतलं असेल तरच मूळ बिलाच्या जवळची रक्कम मिळते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. फोन करून दावा क्रमांक घ्या आणि लगेच ईमेलही करा. उशीर झालाच असेल तरी दावा सोडून देऊ नका. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या खटल्यात चोरीची फिर्याद लगेच दिली होती, पण विमा कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले होते. एफआयआर वेळेत असेल आणि दावा खरा असेल तर केवळ या उशिराच्या कारणावरून तो फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. एफआयआरलाच उशीर झाला असेल तर मात्र हा आधार मिळत नाही.

चाव्यांचा प्रश्न हमखास येतो. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक आधीच हरवली असेल तर कधी आणि कुठे हरवली ते लिहून द्या, बाजारातून बनवून आणलेली चावी मूळ म्हणून देऊ नका. चावी गाडीलाच राहिली असेल तर कंपनी निष्काळजीपणा दाखवून दावा नाकारू पाहते. अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावल्याची उदाहरणं आहेत, अगदी २०२३ मधल्या अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अशुरन्स या निकालापर्यंत. म्हणून खरं सांगा. खोटं पकडलं गेलं तर ते ७५ टक्केही जातात.

फायनान्स कंपनी आणि हप्ते

शाखेत जाऊन कर्ज खाते क्रमांक, गाडीचा नंबर, एफआयआरचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि विम्याचा दावा क्रमांक लिहिलेला अर्ज द्या. सोबत एफआयआरची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर हाच अर्ज ईमेल आणि स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात तीन गोष्टी मागा: आजपर्यंतचा खाते उतारा, कर्ज आज बंद केल्यास भरायची रक्कम आणि विमा कंपनीच्या नावे लागणारं पत्र.

हप्ते थांबवू नका. "गाडीच नाही तर कशाचे पैसे भरू?" हा त्रागा अगदी खरा आहे, पण हप्ता बाऊन्स झाला की दंड बसतो, सिबिल बिघडतो आणि वसुलीचे फोन सुरू होतात. शिवाय दाव्याच्या काळात भरलेला हप्ता वाया जात नाही. बोजा असलेल्या गाडीची विमा रक्कम आधी कर्ज देणाऱ्याला, त्याच्या बाकीपुरती मिळते आणि उरलेली मालकाला. समजा आयडीव्ही ७०,००० आहे आणि कर्जाची बाकी ५८,०००. मग ५८,००० कंपनीला आणि १२,००० तुम्हाला. मधल्या महिन्यांत हप्ते भरून मुद्दल ५०,००० वर आली असेल तर तुमच्या हातात २०,००० येतात. बाकी ८२,००० असेल तर मात्र वरचे १२,००० तुम्हालाच भरावे लागतात. हप्ता झेपतच नसेल तर मुदत वाढवून कमी करून मागा, पण लेखी. 'सेटलमेंट' करून कमी पैशांत मिटवण्याचा प्रस्ताव आला तर जपून. सिबिलमध्ये 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अडतं.

आरटीओ आणि 'ए समरी'

आरटीओला अर्ज देऊन चोरीची नोंद 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत करायला सांगा, म्हणजे गाडी परस्पर कुणाच्या नावावर होणार नाही. याचीही पोच लागते, विमा कंपनी ती मागतेच. आरसी डिकीत राहून गेली असेल तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढावी लागते आणि त्यावर फायनान्स कंपनीचीही सही लागते. चोरीनंतर ई-चलन आलं तर चिडून फेकू नका. त्यावरचा फोटो, ठिकाण आणि वेळ लगेच तपास अंमलदाराला द्या, तपासाला त्याहून चांगला धागा क्वचित मिळतो. चलन रद्द करण्यासाठी एफआयआर जोडून स्वतंत्र तक्रार करा.

आता सगळ्यात वेळखाऊ टप्पा. तपास लागला नाही की महाराष्ट्रात पोलीस न्यायालयात 'ए समरी' अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी आणि माल मिळून आला नाही. बोलण्यात यालाच 'ए फायनल' म्हणतात. अहवाल ठाण्यातून निघाला म्हणजे काम झालं असं नाही. न्यायालय तो मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस पाठवतं. तुमची हरकत नसेल तर तारखेला हजर राहून तसं लिहून द्या. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली किंवा तारखेला कुणी गेलंच नाही तर फाइल पडून राहते. मंजुरीनंतर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. तेवढे दिवस झाले की तपास अंमलदाराला लेखी विचारायला संकोच करू नका.

शेवटी लागणारे कागद

भरलेला दावा अर्ज, पॉलिसी, मूळ आरसी, परवान्याची प्रत, एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, ए समरी मंजुरीची प्रमाणित प्रत, दोन्ही चाव्या, खरेदीचं बिल, आरटीओची पोच, फायनान्स कंपनीचा ताजा खाते उतारा, आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश. याशिवाय गाडीचे हक्क विमा कंपनीकडे वळवण्यासाठी फॉर्म २८, २९ आणि ३० वर सह्या, सबरोगेशन लेटर (वसुलीचा हक्क विमा कंपनीला देणारं पत्र) आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. कर्ज पूर्ण फिटलं की फायनान्स कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्या. मूळ कागद देताना यादी करून तिच्यावर पोच घ्या. आणि फॉर्मवर सह्या करण्यापूर्वी मंजूर रक्कम लेखी मागा, ती फोनवर ऐकून पुरत नाही.

दावा नाकारला किंवा रखडवला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात ही कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. जिल्हा ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार फायनान्स कंपनीची असेल, म्हणजे पैसे मिळूनही बोजा उतरवत नाहीत वगैरे, तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

गाडी सापडली तर

दाव्याची रक्कम मिळण्याआधी सापडली तर विमा कंपनीला लगेच कळवा. गाडी न्यायालयाच्या परवानगीने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर ती हजर करण्याच्या लेखी हमीवर, सुटते. ठाण्याच्या आवारात ती पावसात गंजत राहू नये म्हणून हा अर्ज लवकर करा आणि सोबत फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र जोडा. मोडतोड झाली असेल तर दुरुस्तीचा खर्च त्याच पॉलिसीच्या ओन डॅमेजमधून मागता येतो, म्हणून गॅरेजला टाकण्याआधी सर्व्हेअरला गाडी दाखवा. रक्कम मिळाल्यानंतर सापडली तर ती विमा कंपनीची. पोलिसांचा फोन आला तर दावा निकाली निघाल्याचं पत्र त्यांना द्या आणि कंपनीला ईमेल करा, स्वतः गाडी ताब्यात घेऊ नका.