टाइप-सी पोर्ट आहे, म्हणून फोन टीव्हीला जोडता येतोच असे नाही

फोनला टाइप-सी पोर्ट असला की एचडीएमआय केबल लावताच त्याचा स्क्रीन टीव्हीवर दिसतो, हा समज बरीच वर्षे पसरलेला असला तरी तो चुकीचा आहे. टाइप-सी हे केवळ पोर्टच्या आकाराचे नाव असून, त्यातून चित्र बाहेर पडेल की नाही, हे फोनच्या आतील रचनेवर ठरते. त्यासाठी २०१४ मध्ये जाहीर झालेली ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय फोनमध्ये असावी लागते; ती ज्या वेगवान जोडण्यांवरून चित्र पाठवते, त्या केवळ यूएसबी २.० (माहिती पाठवण्याची जुनी, संथ पद्धत) असलेल्या स्वस्त फोनमध्ये बहुधा दिलेल्याच नसतात. अशा फोनला साधी केबल कितीही महाग घेतली तरी टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ एवढेच झळकते. केबलच्या वेष्टनावरील ‘सर्व फोनसाठी’ हे शब्द विक्रेत्याच्या उत्साहाचे समजावेत. आयफोनमध्ये ही सोय २०२३ च्या आयफोन १५ पासून आली, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या नेमक्या मॉडेलची तांत्रिक माहिती पाहावी. सोय नसल्यास आणि फोन व टीव्ही दोघांतही मिराकास्ट (स्क्रीन बिनतारी दाखवण्याची सोय) असल्यास, वायफाय डायरेक्टने, म्हणजे दोन उपकरणांच्या थेट वायफाय जोडणीने, इंटरनेटशिवायही स्क्रीन टीव्हीवर आणता येतो.